कळतं, पण वळत नाही : ‘मॅक्बेथ’ वाचताना

‘मॅक्बेथ’वर काही लिहायला बसलं की हात आपोआप तीन कप्पे पाडतो : आशय, पात्रं, भाषा. आशयाखाली महत्त्वाकांक्षा, पात्रांखाली नवरा-बायको आणि बँको, भाषेखाली रक्त आणि खंजीर. अशी उत्तरं मीही लिहिली आहेत आणि त्यांना बरे गुणही मिळाले आहेत. ती लिहिताना नाटक कळलं होतं असं मात्र म्हणवत नाही. शेक्सपिअर काही सकाळी आशय आणि दुपारी अलंकार असं लिहीत नव्हता. या नाटकातला एकच दोरा नीट धरून ओढला, तर तिन्ही कप्प्यांतला माल एकदम बाहेर येतो. त्या दोऱ्याला मराठीत आयतं नाव आहे : कळतं, पण वळत नाही.

गोष्ट आधी भरभर सांगून टाकू. स्कॉटलंडचा सेनापती मॅक्बेथ लढाई जिंकून परतत असतो. वाटेत माळरानावर तीन चेटकिणी त्याला आणि सोबतच्या बँकोला भेटतात. मॅक्बेथला त्या ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि ‘पुढे राजा होणारा’ अशा तीन नावांनी हाक मारतात. बँकोला सांगतात की तू राजा होणार नाहीस, तुझे वंशज होतील. ग्लॅमिसची सरदारकी त्याच्याकडे होतीच. थोड्याच वेळात कॉडॉरची मिळाल्याचा निरोप येतो. मग बायकोचा आग्रह, राजा डंकनचा नेमका याच्याच गढीत मुक्काम, आणि रात्री झोपलेल्या राजाचा खून. राज्य मिळतं. ते टिकवायला बँकोचा खून, त्यानंतर मॅक्डफ या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल. राणी झोपेत चालू लागते, मरते. शेवटी मॅक्डफ मॅक्बेथचं मुंडकं घेऊन येतो.

पळवाटा बुजवून टाकलेलं कथानक

शेक्सपिअरने ही गोष्ट होलिन्शेडच्या इतिहासग्रंथातून उचलली. उचलताना त्याने काय काय बदललं, तिथेच नाटकाची किल्ली आहे. इतिहासातला मॅक्बेथ १०४० ते १०५७ अशी १७ वर्षं राज्यावर होता. इतिहासातला डंकन तरुण होता आणि लढाईत पडला. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून झोपलेला असताना नव्हे. होलिन्शेडचा डंकन मवाळ आहे, कारभार सैल सोडणारा आहे. त्याचा मॅक्बेथ पहिली दहा वर्षं चांगलं राज्य करतो. आणि त्याचा बँको खुनाच्या कटात सामील आहे.

नाटकात यातलं काहीच उरत नाही. डंकन वयोवृद्ध होतो, प्रेमळ होतो, मॅक्बेथचा नातलग तर असतोच, वर त्याचा पाहुणाही होतो. दहा वर्षांचा सुखाचा कारभार गायब. बँको स्वच्छ. बँकोला धुऊन काढण्यामागे राजकारण होतं हे उघड आहे. नाटक साधारण १६०६चं. १६०३मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसलेला पहिला जेम्स मूळचा स्कॉटलंडचा, आणि त्याचं घराणं स्वतःला बँकोचे वंशज मानत असे. राजाच्या पूर्वजाला खुनी दाखवून नाटक कोण करणार?

पण बाकीच्या बदलांना हे कारण पुरत नाही. राजा नालायक होता, म्हणून मारला, असं म्हणायची सोय मॅक्बेथला राहू नये अशी ही रचना आहे. आणखी एक सरदार कटात सोबत होता, हीही सोय नाही. लेखकाने एकेक पळवाट बुजवली आहे आणि त्या बंद खोलीत आपल्या नायकाला सोडलं आहे. आता तो काय विचार करतो ते ऐकायचं.

‘ते’

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश. आत राजाची मेजवानी चालू आहे आणि यजमान पंगतीतून उठून बाहेर आला आहे. तो स्वतःशी बोलतो. या स्वगताची सुरुवात अशी : केलं म्हणजे ते संपलं असं असेल, तर ते लवकर केलेलं बरं. ‘ते’ म्हणजे काय? खून. पण खून हा शब्द त्याच्या तोंडून लगेच निघत नाही. सुरुवातीला तर नुसतं ‘ते’, ‘ते’. एवढा मोठा योद्धा, रणांगणावर माणसं उभी चिरणारा, आणि एका सर्वनामाच्या आड लपतोय.

त्याची बायकोही तेच करते, फक्त जास्त सफाईने. राजा मुक्कामाला येतोय म्हटल्यावर ती म्हणते की येणाऱ्याची व्यवस्था केली पाहिजे. मूळ इंग्रजी वाक्यात जो दुहेरी अर्थ आहे, तो आपल्या ‘व्यवस्था’ या शब्दात जसाच्या तसा बसतो. पाहुण्याची व्यवस्था करतात, आणि माणसाची ‘व्यवस्था लावतात’ही. साहित्यशास्त्रात याला श्लेष म्हणा, सौम्योक्ती म्हणा. इथे हा अलंकार शोभेचा नाही. ज्या कृत्याचं नाव उच्चारवत नाही ते करायचं कसं, यावरचा हा उपाय आहे. पात्राचा स्वभाव आणि भाषेची युक्ती यांच्यात सुरीही घालता येणार नाही.

आता स्वगताच्या पुढच्या भागाकडे. मॅक्बेथ एकेक मुद्दा मांडतो. मी त्याचा नातलग आहे. मी त्याचा प्रजाजन आहे. मी यजमान आहे. मारेकऱ्याला दार बंद करायचं ते माझं काम, आणि सुरा मीच धरायचा? शिवाय डंकनने सत्ता इतकी नम्रपणे वापरली आहे की त्याचे गुणच देवदूतांसारखे ओरडून दाद मागतील. करुणा नवजात उघड्या बाळासारखी वाऱ्यावर स्वार होऊन येईल. आणि खुनाच्या बाजूने काय? फक्त उड्या मारणारी महत्त्वाकांक्षा. तीही घोड्यावर मांड टाकायला जाते आणि जोर जास्त झाल्याने पलीकडे पडते.

हा अख्खा खटला त्याने स्वतःविरुद्ध स्वतःच चालवला आहे आणि तो जिंकलाही आहे. निकालही देतो : हे प्रकरण आपण पुढे न्यायचं नाही. त्यानंतर बायकोशी जेमतेम पन्नास ओळींचं बोलणं होतं, आणि तो खुनाला तयार होतो.

इथे शोकांतिकेच्या शास्त्राकडे जरा वळू, कारण मॅक्बेथ त्यात बसता बसत नाही. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या नायकाच्या पतनाचं कारण सांगताना ‘हॅमर्शिया’ हा ग्रीक शब्द वापरला. त्याचं भाषांतर सर्रास ‘स्वभावदोष’ असं होतं, पण शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपसचा नेम चुकतो कारण त्याला माहीत नसतं : वाटेत मारलेला म्हातारा बाप होता, लग्न केलेली बाई आई होती. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शेक्सपिअरच्याच ऑथेल्लोला माहीत नसतं, कारण त्याच्या हाताखालचा इयागो त्याला फसवतो. अशा नाटकांत सत्याचा उलगडा शेवटाकडे होतो आणि त्यानेच काळजात चर्र होतं.

मॅक्बेथला कुणी इयागो भेटत नाही. त्याचं ज्ञान पहिल्याच अंकात पूर्ण आहे. पाप काय, परिणाम काय, फायदा किती थोडा, सगळं त्याने आपल्यासमोर मोजून ठेवलं आहे. नेम चुकलेला नाही. नको त्या जागी नेम धरून, डोळे उघडे ठेवून मारला आहे. म्हणून ‘मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा हा त्याचा दोष’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. महत्त्वाकांक्षी माणसं नाटकात इतरही असतील. इतकं स्वच्छ कळत असून पाऊल पुढे टाकणारा मात्र हा एकच.

नरो वा कुंजरो वा

मग चेटकिणींचं काय? त्यांनी नाही का त्याला नादी लावलं? पहिल्या भेटीतले त्यांचे शब्द पुन्हा वाचावेत. खून कर असं त्या एकदाही म्हणत नाहीत. इतकंच काय, कॉडॉरची सरदारकी मॅक्बेथला द्यायची हे राजाने त्याआधीच्या प्रवेशात ठरवलेलं आपण पाहिलेलं असतं. चेटकिणी भविष्य म्हणून सांगतात ती अर्धी शिळी बातमी आहे, आणि हे प्रेक्षकाला माहीत आहे, मॅक्बेथला नाही. पात्राहून प्रेक्षकाला जास्त ठाऊक असण्याच्या या रचनेला नाट्यात्म उपरोध म्हणतात. त्याचं काम इथे फार नेमकं आहे : भविष्यवाणीची जादू आपल्या डोळ्यांदेखत निम्मी उतरते, आणि मॅक्बेथवर मात्र पुरती चढते.

चेटकिणींची भाषा कशी चालते हे समजायला आपल्याला परक्या संज्ञेची गरजच नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ पुरे आहे. धर्मराज खोटं बोलत नाही, फक्त ऐकणाऱ्याला जे ऐकायचं आहे ते ऐकू देतो. चेटकिणींकडे मॅक्बेथ दुसऱ्यांदा जातो तेव्हा त्याला कळतं की बाईच्या पोटी जन्मलेला कुणी त्याला इजा करू शकणार नाही, आणि बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत त्याचा पराभव नाही. दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी ठरतात. डंकनचा मुलगा माल्कम याचे सैनिक बर्नमच्या रानातल्या फांद्या तोडून अंगावर धरतात आणि रान चालू लागतं. मॅक्डफ आईचं पोट चिरून काढलेला असतो. तेव्हा कुठे मॅक्बेथ म्हणतो की या भुतांवर विश्वास ठेवू नये, ती दुहेरी अर्थाने खेळवतात. शब्द कानाला पाळतात आणि आशेला मोडतात.

बँकोने हेच त्याला पहिल्या भेटीनंतर लगेच सांगितलं होतं : काळोखाची हस्तकं आपल्याला किरकोळ गोष्टींत खरं सांगून जिंकतात आणि मोठ्या गोष्टीत दगा देतात. मॅक्बेथने तेही ऐकलं होतं. पुन्हा तेच. कळलं होतं.

या दुहेरी बोलण्याच्या धाग्यावरच तो दारुडा द्वारपाल येतो, ज्याचा प्रवेश पुष्कळ जण विनोदी विरंगुळा म्हणून उरकून टाकतात. खून नुकताच झाला आहे, दारावर थापा पडताहेत, आणि हा गडी आपण नरकाच्या दाराचे राखणदार आहोत अशी कल्पना करत डुलत डुलत येतो. त्याच्या कल्पनेत नरकात आलेल्यांपैकी एक दुटप्पी बोलणारा आहे : दोन्ही पारड्यांत बसून शपथ घेणारा, देवाच्या नावाने हवा तितका द्रोह करणारा, पण बोलण्याच्या कसरतीने स्वर्ग काही न मिळवू शकलेला. १६०६च्या प्रेक्षकाला हे कुणाबद्दल आहे ते लगेच कळलं असणार. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी इंग्लंडच्या संसदेखाली ती उडवून देण्यासाठी ठेवलेला दारूगोळा सापडला होता. त्या कटाच्या संदर्भात जेझुइट पाद्री हेन्री गार्नेट याच्यावर १६०६मध्ये खटला चालला, आणि सत्य न सोडता अर्धवट बोलून सुटण्याची शिकवण हा त्यातला गाजलेला विषय होता. म्हणजे ताज्या घडामोडीवरचा टोमणा, मुख्य आशय आणि विनोद, तिन्ही एका झिंगलेल्या माणसाच्या तोंडी. वर आणखी एक : तो ज्या दाराला गमतीने नरकाचं दार म्हणतोय, ते आता खरोखरच तसं झालं आहे.

एक बारीक जागा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नाटकाच्या अगदी पहिल्या प्रवेशात चेटकिणी म्हणतात, चांगलं ते वाईट आणि वाईट ते चांगलं. दोन प्रवेशांनंतर मॅक्बेथ रंगमंचावर येतो, आणि त्याचं पहिलंच वाक्य आहे : इतका वाईट आणि चांगला दिवस मी पाहिला नाही. चेटकिणी त्याला अजून भेटलेल्याही नाहीत. त्यांचे शब्द आधीच त्याच्या तोंडात आहेत. विरोधाभास हा अलंकार ओळखून तिथे टिकमार्क करणं सोपं आहे. खरी गंमत तो कोणाच्या तोंडी आणि कधी येतो यात आहे.

पाणी

लेडी मॅक्बेथला खलनायिका ठरवून मोकळं होण्याचा मोह मोठा आहे. पण ती सैतानी शक्तींना बोलावते आणि काय मागते? माझं बाईपण काढून घ्या, पश्चात्तापाच्या वाटा बंद करा, दुधाचं विष करा. क्रौर्य जिच्याकडे मुळातच आहे तिला ते मागावं कशाला लागेल? ऐन रात्री तिच्या तोंडून निघून जातं की झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच केलं असतं. नवऱ्याला भित्रा म्हणणारी ही बाई स्वतः सुरा चालवू शकली नाही.

दोघांतला फरक पाण्याच्या दोन वाक्यांत आहे. खुनानंतर मॅक्बेथ हातांकडे पाहून म्हणतो की सगळा समुद्रही हे रक्त धुऊ शकणार नाही, उलट माझा हातच समुद्र लाल करेल. ती म्हणते, थोडंसं पाणी लागलं की झालं. त्याला कळतंय, तिला नाही. पुढचं नाटक म्हणजे या दोघांची अदलाबदल. तो मारत सुटतो आणि घट्ट होत जातो. बँकोच्या खुनाबद्दल तो तिला सांगतही नाही, तुला न कळलेलंच बरं म्हणतो. राज्यात एकत्र शिरलेलं हे जोडपं तिथेच फुटतं. आणि जिला काही कळत नव्हतं तिला पाचव्या अंकात झोपेत सगळं कळू लागतं. ती हात चोळत राहते. डाग जात नाही, रक्ताचा वास जात नाही, अरबस्तानातली सगळी अत्तरंसुद्धा या लहानशा हाताला सुगंध देऊ शकणार नाहीत.

शेक्सपिअर इथे आणखी एक गोष्ट करतो, जी भाषांतरात हमखास हरवते. एरवी राणी पद्यात बोलते, ठाशीव लयीत. झोपेत चालताना ती गद्यात बोलते, तुकड्यातुकड्यांत, विषयावरून विषयावर घसरत. तिच्या मनाचा तोल गेला हे कुणी सांगायच्या आत तिच्या वाक्यांचा तोल गेलेला असतो.

रक्ताबद्दल उत्तरपत्रिकेत लिहायचं वाक्य ठरलेलं आहे : रक्त हे अपराधाचं प्रतीक. अर्धंच खरं. नाटकातलं पहिलं रक्त अपराधाचं नाहीच. जखमी शिपाई येऊन सांगतो की मॅक्बेथने बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा फाडला, आणि राजा डंकन हरखून म्हणतो, वा रे माझ्या शूर भावा! रक्त तेच, हात तोच, तलवार तीच. कोणाच्या सांगण्यावरून मारलं एवढाच फरक. मला तरी या सुरुवातीमुळे डंकनचं राज्यही पूर्ण निष्पाप वाटेनासं होतं. ज्या समाजाने या माणसाला माणसं चिरण्याबद्दल बढती दिली, तो पुढे काय करतो याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

मर्दपणाचंही असंच. मर्द असशील तर करशील, असं बायको त्याला डिवचते. मारेकऱ्यांना तो स्वतः हेच सुनावतो. चौथ्या अंकात मॅक्डफला बायकोमुलं गेल्याची बातमी लागते तेव्हा माल्कम म्हणतो, मर्दासारखं घे. मॅक्डफ उत्तरतो : घेईन, पण मर्दासारखं ते मला जाणवूही दे. अख्ख्या नाटकात मर्द या शब्दाला मिळालेलं एवढं एकच धड उत्तर.

पुढे

आता एका साध्या शब्दाचा माग काढू. चेटकिणी मॅक्बेथला ‘पुढे’ राजा होणारा म्हणतात. पत्र वाचून बायकोही त्याला त्याच शब्दाने सलाम करते, आणि म्हणते की मला या क्षणातच पुढचं सगळं दिसू लागलं आहे. त्या घरात तेव्हा वर्तमानकाळ कुणाला नकोच असतो. पाचव्या अंकात वेढा पडलेल्या गढीत बायकांचा आक्रोश ऐकू येतो. राणी गेली. मॅक्बेथ म्हणतो, ती ‘पुढे’ कधीतरी मरायला हवी होती. मूळ इंग्रजीत तोच शब्द आहे, चेटकिणींचा. आणि त्याला लागूनच ती प्रसिद्ध ओळ : उद्या, आणि उद्या, आणि उद्या. ज्या ‘पुढे’साठी सगळं केलं ते हाताला आलं तेव्हा असं निघालं, एकाला एक लावलेले सारखेच दिवस. आयुष्य म्हणजे चालती सावली, तासभर रंगमंचावर हातवारे करून गप्प होणारा नट, मूर्खाने सांगितलेली गोंगाटाची निरर्थक गोष्ट. हे भाषण सुटं काढून जीवनाचं तत्त्वज्ञान म्हणून वाचतात, ते मला पटत नाही. हे शेक्सपिअरचं मत नव्हे. सगळं आधीपासून कळत असलेल्या एका विशिष्ट माणसाचं, त्याची बायको गेल्यावरचं बोलणं आहे.

ॲरिस्टॉटल म्हणतो की दुष्ट माणसाचं पतन पाहून करुणा वाटत नाही. त्या हिशेबाने ‘मॅक्बेथ’ ही शोकांतिका जमायलाच नको होती. हा माणूस तर लहान मुलंही मारवतो. तरी शेवटी आपल्याला केवळ सूड पुरा झाल्याचं समाधान का वाटत नाही? स्वगतांमुळे, आणि बायकोजवळ एकट्यात बोललेल्या वाक्यांमुळे. खंजीर हवेत तरंगताना त्याला दिसला तेव्हा आपण तिथे होतो. ‘आमेन’ हा प्रार्थनेतला शब्द घशात अडकला तेव्हाही होतो. रक्तात इतका खोल आलोय की मागे फिरणं पलीकडे जाण्याइतकंच जिकिरीचं, असं तो बोलला तेही आपण ऐकलं. बायको सोडली तर दुसऱ्या पात्रांना यातलं जवळजवळ काही माहीत नाही.

नाटकाचं शेवटचं भाषण नवा राजा माल्कम करतो. सरदारांना नव्या पदव्या वाटतो, परागंदा झालेल्यांना परत बोलवायचं ठरवतो, आणि जाता जाता मॅक्बेथ पती-पत्नींची बोळवण एका ओळीत करतो : हा मेलेला खाटीक आणि त्याची राक्षसिणीसारखी राणी. पुराव्याने बघितलं तर एक अक्षर खोटं नाही. माल्कमने स्वगतं ऐकलेली नाहीत, इतकंच.